स्थानिक सलोखा गट (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी (ॲबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी) व नंतर येऊन वसलेला समाज यांच्यातील दुरावा आपापल्या गावात कमी करण्यासाठी चालवलेले स्वयंसेवी गट. ॲबोरिजिनल लोकांच्या कोठडीतील मृत्यूंची चौकशी करणाऱ्या आयोगाने १९९१ मध्ये अहवाल दिला. त्यातील शेवटची, ३३९वी शिफारस सलोख्याची होती. त्याच वर्षी संसदेने सलोखा परिषद नेमली. तिच्या प्रोत्साहनाने गावोगावी अभ्यासमंडळे निघाली आणि त्यांतूनच पुढे अनेक गट उभे राहिले.

न्यू साउथ वेल्समधील मायल क्रीकचे काम यांत सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल. १० जून १८३८ रोजी तिथे गुराख्यांनी विरायराय या मूळ रहिवासी समाजाच्या किमान २८ लोकांना ठार मारले. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. या गुन्ह्यासाठी सात जणांना फाशी झाली. मारले गेलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे वंशज स्थानिक समितीच्या कामात एकत्र आले आणि २००० साली तिथे स्मारक झाले. पायवाटेवरच्या दगडांवर इंग्रजी व गामिलाराय (तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा) भाषांत घटनाक्रम कोरलेला आहे. २००५ मध्ये त्या फलकांची मोडतोड झाली, तरी दर जूनचा मेळावा थांबला नाही. आधी घडले ते उघड सांगायचे, मग सलोख्याची भाषा करायची, हा क्रम इथे पाळला गेला.

एरवी गटाचा पसारा लहानच असतो: महिन्याला एक बैठक, ग्रंथालयातील खोली आणि शक्यतो दोन सहअध्यक्ष, त्यांपैकी एक मूळ रहिवासी. वर्षातील मोठे काम म्हणजे २७ मे (मूळ रहिवाशांना जनगणनेत धरण्याला कौल देणारे १९६७ चे सार्वमत) ते ३ जून (जमिनीवरील त्यांचा पारंपरिक हक्क मान्य करणारा १९९२ चा माबो निकाल) हा सलोखा सप्ताह. त्या आठवड्यात मूळ रहिवाशांच्या ज्येष्ठांना (समाजातील मानाच्या वडीलधाऱ्यांना) सगळीकडून बोलावणी असतात, म्हणून काही महिने आधीच विचारावे लागते. ‘वेलकम टू कंट्री’ (आपल्या भूमीवर पाहुण्यांचे स्वागत) हे कार्यक्रमाच्या सुरुवातीचे स्वागत त्या भूमीचे पारंपरिक वारसदारच करू शकतात आणि त्यासाठी मानधन द्यायचे असते. ‘ॲक्नॉलेजमेंट’, म्हणजे त्या वारसदारांची आदराने घेतलेली दखल, मात्र कोणीही म्हणू शकतो. नवखे गट या दोहोंची हमखास गल्लत करतात. भूमी कोणाची, यावरही मतभेद असू शकतात. नकाशावरून नाव उचलण्याऐवजी स्थानिक भूमी परिषदेकडे (मूळ रहिवाशांची जमिनीविषयीची संस्था) चौकशी करावी. मृत व्यक्तीचे नाव किंवा छायाचित्र वापरण्याआधी कुटुंबाला विचारणे आवश्यक असते. त्यांच्या समाजात मयत झाली तर ज्येष्ठ येऊ शकत नाहीत. अशा वेळी कार्यक्रम पुढे ढकलावा, बदली वक्ता शोधू नये.

गट मोडतात ते बहुधा एकाच कारणाने. कार्यक्रम, पाहुणे, पत्रिका सगळे आधी ठरते आणि मूळ रहिवाशांना शेवटी भाषणापुरते बोलावले जाते. दरवर्षी भार त्याच दोन-तीन कुटुंबांवर पडतो, ती थकतात आणि येणे सोडतात. मग गटात उरतात फक्त बाहेरून वसलेल्या समाजातील निवृत्त मंडळी. विषय व खर्च ठरवण्याचा अधिकार पहिल्या बैठकीपासूनच मूळ रहिवाशांच्या हाती असेल, तर ही गळती बरीच रोखता येते.