फावडी विकणारा खासदार

अमेरिकेतल्या राजकीय घोटाळ्यांची यादी काढली की 'क्रेडिट मोबिलिये' आणि त्याचा सूत्रधार ओक्स एम्स यांचं नाव निघतंच. जन्म १८०४चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्टन गावचा. वडिलांचा फावड्यांचा कारखाना १८४४मध्ये तो आणि त्याचा भाऊ ऑलिव्हर यांच्या हाती आला. पाचच वर्षांत कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली. सोनं कुणाला मिळो न मिळो, फावडं प्रत्येकाला लागतंच! पुढे रेल्वेचे भराव आले, यादवी युद्ध आलं. धंदा वाढतच गेला.

१८६३मध्ये एम्स रिपब्लिकन पक्षातर्फे प्रतिनिधिगृहात पोचला. पश्चिमेकडे जाणाऱ्या युनियन पॅसिफिक रेल्वेला सरकार जमिनी देत होतंच, शिवाय सपाटीवर मैलाला १६,००० डॉलरचे आणि डोंगरात ४८,०००चे कर्जरोखे. ओसाड माळरानावर गाडी चालवून कमाई कधी होणार? खरा पैसा बांधकामात. म्हणून रेल्वेच्याच बड्या भागधारकांनी क्रेडिट मोबिलिये ही ठेकेदार कंपनी हाताशी धरली आणि अव्वाच्या सव्वा दरांनी ठेके तिच्याकडे वळवले. देणारेही तेच, घेणारेही तेच. एम्स बंधूंनी त्यात भरपूर पैसा ओतला. १० मे १८६९ला युटामध्ये रूळ जोडले गेले, हेही तितकंच खरं.

त्याआधीच, १८६७-६८च्या हिवाळ्यात, एम्सने क्रेडिट मोबिलियेचे शेअर सहकारी खासदारांना दर्शनी किमतीला विकले होते. खरी किंमत कितीतरी जास्त होती. रोख नसेल त्याने येणाऱ्या लाभांशातून फेडावेत, अशीही सोय. जिथे सर्वाधिक उपयोग होईल तिथे शेअर दिलेत, असं त्याने भागीदार मॅककोम्बला लिहून कळवलं. पुढे दोघांचं फाटलं, मॅककोम्ब कोर्टात गेला आणि सप्टेंबर १८७२मध्ये, ऐन निवडणुकीच्या धामधुमीत, ती पत्रं 'न्यूयॉर्क सन' या वृत्तपत्रात झळकली.

चौकशीत एकेक जण कानांवर हात ठेवू लागला, तेव्हा एम्सने आपली टिपणवही उघडली: कोणाला किती शेअर, किती लाभांश. देशाचा उपाध्यक्ष कोलफॅक्सही त्यात होता, खासदार जेम्स गारफिल्डही. गारफिल्डच्या नावापुढे ३२९ डॉलर. यात गैर काय, हे एम्सला अखेरपर्यंत पटलं नाही. चौकशी समितीचा निष्कर्ष मात्र अजब निघाला. एम्सने मतं वळवण्यासाठीच शेअर दिले, पण खासदार जेम्स ब्रुक्स वगळता घेणाऱ्यांचा हेतू भ्रष्ट नव्हता!

एम्स आणि ब्रुक्स या दोघांच्या हकालपट्टीची शिफारस झाली. सभागृहाने २७ फेब्रुवारी १८७३ला निषेधाच्या ठरावावर भागवलं. एम्सच्या विरोधात १८२ मतं, बाजूने ३६. त्याच वर्षी ८ मे रोजी पक्षाघाताने तो गेला. कोलफॅक्सची कारकीर्द तिथेच आटोपली. गारफिल्ड १८८१मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला.