परांचीवरून पडलेल्या गवंड्याची भरपाई: 1923 पासून आजवर

बांधकामावर कामगाराला अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्याकडे 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आणले. तो 1 जुलै 1924 पासून अमलात आला. गोव्याला तो मुक्तीनंतर लागू झाला. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज त्यात नाही. अपघात कामाच्या ओघात आणि कामामुळे झाला, एवढे पुरे. पण जबाबदारी टाकताना या कायद्याने विमा सक्तीचा केला नाही. पॉलिसी असो वा नसो, देणे मालकाच्याच डोक्यावर. कायदा पुढे सरकला आणि पॉलिसी जुन्याच अटींवर राहिली, की अडचण तिथेच सुरू होते.

2000 च्या दुरुस्तीने नैमित्तिक कामगारांना वगळणारा भाग काढून टाकला. बांधकामाच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा बदल, कारण गोव्यात पर्वरी असो वा वेर्णा, साइटवरचे बरेच हात रोजंदारीचेच असतात. 2009 च्या दुरुस्तीने ‘कामगार’ऐवजी ‘कर्मचारी’ शब्द आला, साइटवरचा कारकूनही कक्षेत आला आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देणे मालकावर आले. वैद्यकीय खर्चाचे कलम न जोडलेल्या पॉलिसीतून हा खर्च मिळत नाही. इस्पितळाचे बिल हातात पडेपर्यंत अनेकांना याचा पत्ता नसतो.

रकमेचे गणित असे: मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयानुसारचा गुणांक. नेमक्या 30 वर्षांच्या कामगाराचा गुणांक 207.98. हिशेबात धरायच्या वेतनाची मर्यादा 4,000 होती तेव्हा 4,15,960 रुपये होत. 2010 मध्ये ती 8,000 झाली, तेव्हा 8,31,920. जानेवारी 2020 पासून 15,000 धरल्यावर 15,59,850. म्हणून प्रीमियम वाचवण्यासाठी वेतन कमी दाखवणे अंगलट येते: भरपाईचे दावे ठरवणारे आयुक्त खरे वेतन पाहतात, विमा कंपनी जाहीर केलेले.

उपकंत्राटदाराच्या माणसांचेही तसेच. सेंट्रिंगवाला (स्लॅबचे साचे उभारणारा) आपली माणसे घेऊन आला, तरी दावा थेट मुख्य कंत्राटदारावर करता येतो. त्याने नंतर उपकंत्राटदाराकडून वसूल करावे. पॉलिसीत उपकंत्राटदारांचे कामगार स्वतंत्र नोंदवलेले नसतील तर ही रक्कम खिशातून जाते. एक महिन्यात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज आणि योग्य कारण नसल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंड. दंड मालकाच्याच खिशातून, आणि विम्याच्या करारात व्याज वगळलेले असेल तर तेही. मृत्यूची भरपाई घरच्यांच्या हाती परस्पर देऊ नये. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते, नाहीतर पैसे देऊनही देणे फिटत नाही.

4 जानेवारी 2014 रोजी गोव्यातल्या काणकोणात चावडी येथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि अनेक कामगारांचा जीव गेला. एकाच क्षणी इतके दावे उभे राहू शकतात. अशा वेळी पॉलिसीवरील ‘एका अपघातासाठी कमाल रक्कम’ किती आहे आणि हजेरीपटावर त्या दिवशीची नावे आहेत का, यावर सारे अडते. 1995 च्या दुरुस्तीपासून अवलंबितांना आपल्या राहत्या ठिकाणी दावा दाखल करता येतो, त्यामुळे गोव्यातल्या अपघाताची सुनावणी परराज्यातही होऊ शकते.

1996 च्या बांधकाम कामगार कल्याण उपकर कायद्यानुसार भरलेला 1 टक्का उपकर हा विमा नव्हे. तो कल्याण मंडळाकडे जातो. कामगाराला कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेतून अपघाताचा लाभ मिळत असेल, तर मात्र त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 चा कायदा तिच्यात विलीन झाला. कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, आता त्यात येतो. नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीवर अजून जुन्याच कायद्याचे नाव आहे का, ते पाहून विमा कंपनीकडून दुरुस्तीचे पत्र लेखी मागून घ्यावे.