पंपाचा स्टार्टर आणि प्रोसेसरची आठवण

सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीत 'विक्रम 3201' हा 32-बिट प्रोसेसर सादर झाला आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चिप म्हणजे मंतरलेली वस्तू असल्यासारखे फॉरवर्ड फिरू लागले. चिपच्या कारखान्याला हजारो कोटी लागतात, खरं आहे. पण प्रोसेसर आतून कसा चालतो ते यवतमाळकडच्या खेड्यातही ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचायच्या भोकांच्या पाटीवर) जोडून बघता येतं. त्यासाठी 7400 मालिकेतल्या साध्या लॉजिक चिप पुरतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं 1960 च्या दशकात आणलेल्या या चिप आजही मिळतात.

बेरीज करणारं सर्किट लवकर पटतं. गाडी अडते ती आठवणीपाशी: निर्जीव तारांच्या लक्षात काही राहतं कसं?

शेतातल्या पंपाचा स्टार्टर बघा. हिरवं बटण दाबून सोडलं तरी मोटर चालूच राहते, कारण ओढला गेलेला कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकानं ओढला जाणारा स्विच) आपल्याच एका जादा कॉन्टॅक्टमधून आपल्याच कॉइलला वीज देत राहतो. लाल बटण ही साखळी तोडतं. लाईन गेली की स्टार्टर पडतो, आणि ऑटो बसवलेला नसेल तर लाईन आल्यावर रात्री दोनला उठून शेतात जावं लागतं.

हीच युक्ती चिपवर करू. 7400 या चिपमध्ये चार नँड गेट असतात; गेट म्हणजे इनपुटांवरून आउटपुट ठरवणारं छोटं सर्किट, 1 म्हणजे 5 व्होल्ट, 0 म्हणजे ग्राउंड. दोन्ही इनपुट 1 असतील तरच नँडचा आउटपुट 0, एरवी 1. चिपचा तिसरा पाय (पहिल्या गेटचा आउटपुट; पहिला-दुसरा त्याचे इनपुट) चौथ्याला आणि सहावा (दुसऱ्या गेटचा आउटपुट; चौथा-पाचवा त्याचे इनपुट) दुसऱ्याला जोडा; पहिला व पाचवा रेझिस्टरमधून 5 व्होल्टला. आता पहिला पाय क्षणभर ग्राउंडला टेकवा. तिसऱ्यावर 1 येतो, तो चौथ्यावर जातो. पाचव्यावर 1 आहेच, म्हणून सहाव्यावर 0, आणि तो 0 फिरून दुसऱ्यावर. पहिला पाय सोडला तरी तिसरा 1 वरच राहतो. पाचवा टेकवला की सगळं उलटं. झाला एक बिट, म्हणजे एक 0 किंवा 1, लक्षात! लाईन गेली की हाही विसरतो.

पुढे याला क्लॉकची, म्हणजे ठराविक ठेक्यानं येणाऱ्या 0-1 च्या ठोक्यांची, जोड मिळाली की फ्लिपफ्लॉप (ठोक्यावरच बदलणारा एक बिट), चार फ्लिपफ्लॉपचं चार-बिटी रजिस्टर (आकडा धरून ठेवणारी जागा), बेरजेला 74283 ही चिप, आणि सगळ्यांना एकाच बसवर (सामायिक तारांवर) आळीपाळीनं बोलू देणारे ट्राय-स्टेट बफर.

इथपर्यंत आलेला माणूसही कधीकधी "माझा हात जवळ नेला की चालतं" म्हणतो. हाताचा गुण वगैरे काही नसतो. एचसी जातीच्या (नावात 74HC असलेल्या) चिपचा मोकळा सोडलेला इनपुट घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण उचलतो. न वापरलेला प्रत्येक इनपुट 5 व्होल्टला किंवा ग्राउंडला बांधा, आणि प्रत्येक चिपच्या सप्लायच्या पायांना खेटून 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.