मोंज कुठल्या वर्गातली? प्लुव्हिओज आणि ब्रुमेर पाणबुड्यांचा घोळ

पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच पाणबुडीला महिन्याचं नाव असलं की ती प्लुव्हिओज वर्गातली आणि शास्त्रज्ञाचं असलं की ब्रुमेर वर्गातली, अशी वाटणी लोक बिनदिक्कत करून मोकळे होतात. ती साफ चूक आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या कॅलेंडरातले बारा महिने दोन्ही वर्गांत विभागले आहेत. प्लुव्हिओजपासून मोजायला लागा: वाँदेमिएरपर्यंतचे नऊ पहिल्या वर्गात, उरलेले ब्रुमेर, फ्रिमेर आणि निव्होज दुसऱ्यात. बाकीची नावं दोन्हीकडे शास्त्रज्ञ-संशोधकांची. अँपेअर, वॉट, मोंज प्लुव्हिओजच्या १८ बोटींत. क्युरी, फूको, न्यूटन ब्रुमेरच्या १६ बोटींत.

आराखडा दोन्हींचा मॅक्सिम लोबफचाच. दुहेरी कवच, ५१-५२ मीटर लांबी, पाण्याखाली विजेची मोटर. यात वेळ घालवू नका.

फरक आहे तो पाण्यावर चालतानाचा: प्लुव्हिओज वाफेवर, ब्रुमेर डिझेलवर. ‘इंजिन वेगळं, एवढंच ना’ म्हणून कोणी पुढे गेलं की माझी फार चिडचिड होते. बुडी मारायची वेळ डोळ्यांसमोर आणा. वाफेच्या बोटीत आधी बॉयलरची आग विझवायची, मग धुराडं खाली घ्यायचं, त्याचं तोंड पाणी शिरणार नाही इतकं घट्ट बंद करायचं, तेव्हा कुठे पाण्याखाली जायचं. आग विझली तरी तापलेला बॉयलर आतच. बंद पोलादी नळकांड्यात ती धग सोसत खलाशी काम करायचे. वर आल्यावर पुन्हा आग पेटवा, पुन्हा वाफ धरा. डिझेलच्या बोटीत इंजिन थांबवलं, झडपा मिटल्या, मोटर चालू केली की झालं.

धुराडं तर फारच नाजूक जागा. आर्किमेड या दोन्ही वर्गांबाहेरच्या, पण वाफेवरच्याच फ्रेंच पाणबुडीचं धुराडं डिसेंबर १९१४ मध्ये उत्तर समुद्रात लाटांनी वाकलं. ते खाली जाईना, आणि त्यामुळे बोटीला बुडी मारता येईना.

वाफेचं इंजिन तेव्हा भरवशाचं होतं, म्हणून फ्रेंचांनी ते निवडलं हे खरं. तरी पाणबुडी म्हणून मला ब्रुमेरच उजवी वाटते.

आणि मोंज? डिसेंबर १९१५ मध्ये एड्रियाटिक समुद्रात ऑस्ट्रियन क्रूझर हेल्गोलँडची धडक बसल्यावर कमांडर रोलां मोरियो जिच्यासोबत बुडाले, ती ही वाफेची बोट. तिला ब्रुमेर वर्गात टाकू नका.