व्यायाम : चयापचय, प्रतिकारशक्ती आणि जनुके

व्यायामामुळे स्नायूंत, रक्तात आणि पेशींच्या केंद्रकात होणारे बदल. व्यायाम म्हणजे व्यायामशाळाच असे नाही. डंबेल उचलले काय नि पाण्याची कळशी उचलली काय, स्नायूला दोन्ही सारखेच.

एरवी रक्तातली साखर स्नायूत शिरण्यासाठी इन्सुलिन लागते. स्नायू आकुंचन पावू लागला की ग्लूट-4 ही वाहक प्रथिने पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि इन्सुलिनवाचूनही साखर आत घेतात. टाइप 2 मधुमेहात पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत; त्यातही ही वाट बंद होत नाही. जेवणानंतरच्या शतपावलीने साखर कमी चढते, त्यामागे मुख्यतः हेच कारण आहे. मात्र शंभर पावले मिनिटभरात संपतात; प्रयोगांतली शतपावली 10-15 मिनिटांची असते. इन्सुलिनला मिळणारा सुधारलेला प्रतिसाद पुढे एक-दोन दिवस टिकतो, म्हणून फार दिवसांचा खाडा महागात पडतो. नियमित सरावाने मायटोकॉन्ड्रियाही, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे पेशीतील सूक्ष्म भागही, वाढतात. अमेरिकी संशोधक जॉन हॉलोझी यांनी 1967 मध्ये फिरत्या पट्ट्यावर पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट झाल्याचे दाखवले.

बॉस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंच्या रक्तात शर्यतीनंतर पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, ही नोंद 1902 सालची आहे. तासा-दोन तासांत त्यांतील लसीकापेशी नेहमीपेक्षाही कमी होतात. या काळात प्रतिकारशक्ती खचते, असे बरीच वर्षे मानले गेले. त्या पेशी मरत नाहीत, तर फुप्फुसे, आतडी अशा ठिकाणी पहाऱ्याला जातात, असे आता अनेक संशोधक मानतात. हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. स्नायू स्वतःही रक्तात संदेश सोडतो. त्यांपैकी इंटरल्युकिन-6 हे रेणू मॅरेथॉननंतर शंभरपटीपर्यंत वाढू शकतात. कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन आणि सहकाऱ्यांनी अशा स्नायुजन्य रेणूंना ‘मायोकाइन’ हे नाव रूढ केले.

व्यायामाने जनुकांची अक्षरे बदलत नाहीत. कोणते जनुक किती वाचले जाते, ते बदलते. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील 2014 चा प्रयोग येथे फार बोलका आहे. 23 जणांनी तीन महिने, आठवड्यातून चार वेळा, 45 मिनिटे एकाच पायाने गुडघा ताणण्याचा व्यायाम केला. दुसरा पाय स्वस्थ. आहार, झोप, आनुवंशिकता दोन्ही पायांना एकच, त्यामुळे तुलनेला याहून चांगला जोडीदार मिळणे नाही. सराव केलेल्या पायाच्या स्नायूत डीएनएवरील मिथिल खुणा (जनुकाचे वाचन कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा) सुमारे 5,000 ठिकाणी बदललेल्या आढळल्या. त्या 23 जणांपैकी काहींनी नऊ महिने सराव सोडला. त्यानंतर पुन्हा स्नायूंचे तुकडे तपासले, तेव्हा जनुकांच्या वाचनावरून कोणता पाय सरावाचा होता हे ओळखता येईना, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. वजने उचलण्याच्या सरावातील काही मिथिल-बदल मात्र सात आठवड्यांच्या खंडानंतरही शिल्लक होते, असे 2018 च्या एका छोट्या अभ्यासात दिसले.