घाटावरचे डायव्हर आणि ‘नो-फ्लाय’चा आकडा

सातारा-सांगलीकडचे हौशी डायव्हर सुट्टीला मालवण-तारकर्लीला, जरा सरावलेले कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर जातात आणि डाइव्ह आटोपली की घाट चढून घरी येतात. डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजून पाण्यात किती राहायचं, वर कसं यायचं हे सांगणारं मनगटी यंत्र, घ्यायचा म्हटलं की चर्चा होते ती रंगीत स्क्रीनची, बॅटरीची आणि टाकीचा दाब मनगटावर दाखवणाऱ्या ट्रान्समीटरची. घाटाचा विषय सहसा निघतच नाही. खरं तर आपल्यासाठी निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

किती खोल, किती वेळ राहिल्यावर वर कसं यायचं हे सांगणारे पहिले शास्त्रशुद्ध तक्ते १९०८ साली बकऱ्यांवरच्या प्रयोगांतून निघाले. ते आणि त्यानंतरचे बहुतेक तक्ते नौदलांसाठी होते, म्हणजे डायव्हर समुद्रसपाटीवरच बाहेर येणार हे गृहीत. या गृहीतकाला आव्हान मिळालं ते समुद्रच नसलेल्या स्वित्झर्लंडमध्ये. तिथली तळी उंचावर, हवेचा दाब कमी. झुरिकच्या एका प्राध्यापकांनी शरीराचे १६ कल्पित कप्पे मानून, प्रत्येकात श्वासातला नायट्रोजन पाण्याच्या दाबाखाली किती वेगाने शिरतो आणि निघतो याचं गणित मांडलं. ते १९८३ साली पुस्तकरूपाने आलं, आणि बाजारात चाललेले पहिले इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरही त्याच सुमाराचे. आजच्या कितीतरी यंत्रांत हेच गणित किंवा त्याची सुधारित आवृत्ती चालते.

मग आला विमानाचा प्रश्न. डाइव्हनंतर उंचीवर गेलं की बाहेरचा दाब घटतो आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. विमानात बसण्याआधी किती तास थांबायचं? हाच ‘नो-फ्लाय’चा आकडा. १९८९ च्या एका तज्ज्ञ बैठकीत थोड्या डाइव्ह केलेल्यांसाठी १२ तास आणि सलग काही दिवस डाइव्ह करणाऱ्यांसाठी २४ तास सुचवले गेले. थोड्याच काळात डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने सरसकट २४ तासांचा सोपा नियम पुढे केला. त्यावर बेटांवरचे रिसॉर्टवाले खवळले. शेवटचा दिवस कोरडा गेला तर धंद्याचं काय? धोकाच मुळात एवढा कमी आहे, तर इतकं थांबवायचं कशाला, असाही आक्षेप होता. तो अगदी पोकळ नव्हता, पण ज्यांचा गल्ला त्यात अडकला होता त्यांचा आवाज जरा जास्तच ऐकला गेला. नियम मागे पडला. नंतरच्या दशकात दाबकक्षात स्वयंसेवकांवर चाचण्या झाल्या आणि २००२ मध्ये आजचे आकडे ठरले: डीकॉम्प्रेशन स्टॉपची, म्हणजे वर येताना नायट्रोजन निघून जावा म्हणून वाटेत थांबण्याची, गरज न पडलेल्या एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांनंतर १८, स्टॉप घ्यावे लागले असतील तर त्याहून बरेच जास्त. चाचण्यांतले स्वयंसेवक कोरड्या कक्षात आरामात होते. लाटांत हातपाय मारून दमलेल्या माणसाला हे आकडे किती लागू, हा प्रश्न तेव्हाही होता.

हे आकडे साधारण ६०० ते २,४०० मीटर उंचीसाठी आहेत. आंबोली आहे सुमारे ६९० मीटरवर. मालवणहून निघालेली गाडी दोन-अडीच तासांत तिथे पोहोचते. सांगलीकर पुढे साडेपाचशेपर्यंत उतरतो, सातारकर मात्र सातशेच्या आसपासच मुक्कामाला राहतो. त्यात सीमारेषांचंही एकमत नाही. डाइव्ह उंचावरच्या पाण्यात करायची असेल तर अनेक पद्धती ३०० मीटरच्या वर हिशेब बदलायला सांगतात, स्विस तक्ता मात्र ७०० मीटरपर्यंत एकच मानतो. अमेरिकी नौदलाचा तक्ता अंगातला उरलेला नायट्रोजन आणि गाठायची उंची दोन्ही पाहून वेळ देतो. हलक्या डाइव्हनंतर कमी उंचीसाठी तो फारसं अडवत नाही. तारकर्लीत प्रशिक्षकाचा हात धरून केलेल्या उथळ डाइव्हने घाबरून जायचं कारण नाही. नेत्राणीला दोन दिवसांत चार-पाच खोल डाइव्ह मारून त्याच रात्री निघणाऱ्याची गोष्ट वेगळी.

दुकानात विचारायचं ते यावरून. उंची यंत्र स्वतः दाब मोजून ओळखतं, की ३०० ते १,५०० मीटरसारखा टप्पा हाताने निवडावा लागतो? आणि ‘नो-फ्लाय’चा काटा गणितातून येतो, की शेवटच्या डाइव्हपासून नुसते २४ तास उलटे मोजतो? काही यंत्रं नुसते २४ तासच मोजतात, म्हणजे नव्वदच्या दशकात मागे पडलेला तोच नियम.