मेक्सिकन लूप की बस्काडेरो? होल्स्टर ओळखायचं कसं

काउबॉय म्हटला की मांडीवर लोंबणारं होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हरचं चामडी म्यान, डोळ्यांपुढे येतं. ते बस्काडेरो, आणि ते आलं 1920च्या दशकात, म्हणजे काउबॉयचा सुवर्णकाळ सरल्यावर. 1870च्या दशकापासून अमेरिकेच्या पश्चिम भागात ज्याचा खरा बोलबाला होता ते मेक्सिकन लूप. नवख्याला दोन्ही सारखीच वाटतात. फरक कळतो तो पट्टा आणि होल्स्टर जिथे जुळतात तिथे.

मेक्सिकन लूप एकाच अखंड चामड्याचं असतं. अर्धा भाग दुमडून कडेला शिवला की रिव्हॉल्व्हरचं म्यान तयार होतं. उरलेला रुंद पदर मागून खाली वळवतात, त्याला आडव्या चिरा पाडतात आणि त्यातून झालेल्या एक-दोन पट्ट्यांमधून म्यान ओवून घेतात. वरच्या दुमडीतून कंबरपट्टा जातो. ही दुमड ऐसपैस असते, त्यालाही कारण आहे. आधीच्या कॅलिफोर्निया पद्धतीच्या, म्हणजे ‘स्लिम जिम’ होल्स्टरला मागे अरुंद शिवलेली पट्टी असे. 1873च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरबरोबर धातूची काडतुसं रुळली, ती खोवायला रुंद पट्टे आले आणि ते जुन्या पट्टीतून जाईनात.

बस्काडेरोत पट्टाच निराळा कापलेला असतो. कुल्ल्यापाशी तो खाली रुंद होतो, त्या भागात खाच असते आणि खाचेतून होल्स्टर लोंबतं. त्याचं टोक वादीने मांडीला बांधावं लागतं, नाहीतर रिव्हॉल्व्हर उपसताना म्यानही वर ओढलं जातं. पुढे 1950च्या दशकात हॉलिवूडमध्ये आर्व्हो ओहाला यांनी चामड्याच्या दोन थरांत धातूचा पत्रा घातला. सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे मागचा हॅमर, ओढला की काडतुसं धरणारा सिलिंडर फिरतो. साध्या होल्स्टरमध्ये चामडं त्याला आवळून धरतं. पत्र्यामुळे तो आतल्या आतच मोकळा फिरू लागला. पडद्यावरची झटक्यात रिव्हॉल्व्हर उपसायची ती करामत बरीचशी या पत्र्याची.

घोडेस्वाराला हे असलं काही परवडलं नसतं. दौडताना रिव्हॉल्व्हर जागच्या जागी राहायला हवं, म्हणून मेक्सिकन लूप खोल आणि कमरेलगत. बहुधा रिव्हॉल्व्हरची मूठ आणि हॅमरच तेवढा बाहेर. शिवाय गावात शस्त्र मिरवायची मुभा सगळीकडे नव्हतीच. ॲरिझोनातल्या टूम्स्टोन गावात 1881 साली तशी बंदी होती. त्याच वर्षी तिथे झालेल्या ओ. के. कोरल या गाजलेल्या गोळीबाराच्या चकमकीत आपलं पिस्तूल ओव्हरकोटाच्या खिशात होतं, अशी साक्ष तीत सामील असलेल्या वायट अर्पने दिली. नावाजलेला पिस्तूलबाज वाइल्ड बिल हिकॉक याची दोन कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरं तर कमरेच्या शेल्यात, मुठी पुढे करून खोवलेली असत.

तेव्हा ‘1880चं अस्सल’ म्हणून कुणी होल्स्टर दाखवलं, तर आधी पट्ट्यात खाच आहे का ते पाहावं. मग तोंडाशी हलकेच दाबावं: आत पत्रा असेल तर चामडं दबत नाही. खाच किंवा पत्रा, दोन्हींपैकी एक सापडलं तरी तो दावा फोल. नग खरोखर जुना निघाला तर त्यात रिव्हॉल्व्हर ठेवून देऊ नये. चामडं ओल धरतं, कमावताना राहिलेले क्षार आणि आम्लं धातूला लागतात आणि गंज नेमका आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने चढतो.